दसऱ्याचं अपडेट

भांडायला समोर माणूस नसणं हा केवढा छळ आहे, हे ज्यांना भांडता येत नाही त्यांना कळायचं नाही. भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये राहायला आल्यापासून मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडलेय, पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडलेय, लिफ्टच्या माणसाशी आणि सिलिंडर खाली गेटवर टाकून पळणाऱ्याशी भांडलेय. भांडलं की काम होतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. पण त्या दसऱ्याला आमच्या घरात जे बंद पडलं त्याच्यासाठी कोणाचं बखोट धरावं तेच मला कळेना. ते कुठल्या कंपनीचं नव्हतं. जगभरातली माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते तयार करतात आणि हवं त्याला फुकट देतात. फुकट घेतलेल्या गोष्टीबद्दल तोंड वर करून बोलायची सोय नसते.

बंद पडलं ते एक बटण होतं. ते माझ्या नवऱ्याच्या उशीला, त्याच्या उजव्या गालाशी चिकटवलेलं होतं. त्याला हात हलवता येत नव्हते, हाक मारता येत नव्हती. मला बोलवायचं तर त्याच्याकडे तेवढं एक बटण होतं.

नवरा भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, स्टीलची भांडी करणाऱ्या कारखान्यात, मेंटेनन्सला होता. आम्ही दोघं एकाच चाळीत वाढलेले, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरे सुटलं नाही; सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. आम्हाला मूल नाही. लोक मुलांचं कौतुक करतात तसं हा घरातल्या दिव्यांचं करायचा. सुरुवातीला त्याने कुठल्याशा कंपनीचे मोबाइलवर लागणारे दिवे आणले होते. कंपनीने एक दिवस तो धंदाच गुंडाळला आणि आमचे दिवे मोबाइलला ओळख दाखवेनात. तेव्हा तो चिडून म्हणाला, "आपल्याच घरातला दिवा लावायला परक्याची परवानगी? परत नाही." मग त्याने टीव्हीच्या कपाटात पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर बसवला, त्यात ते फुकटचं सॉफ्टवेअर घातलं, बिनवायरच्या बटणांसाठी मागे काडेपेटीएवढा एक रिसीव्हर खोचला आणि दिवे, पंखे, गिझर सगळे त्याच्या हुकमात आणले. तिन्हीसांजेला देव्हाऱ्यातला बल्ब आपोआप लागायला लागला. "देवापुढचा तरी हाताने लाव रे," मी म्हणायचे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना बाथरूमचा दिवा कसा लावायचा ते कळायचं नाही, आणि बिचारे संकोचून अंधारातच जाऊन यायचे.

ह्या सगळ्या कारभाराला त्याने नियम मात्र कारखान्याचाच लावला होता. कारखान्यात दसऱ्याला मशिनं थांबवतात, पुसतात, तेलपाणी करतात, झेंडूचे हार घालतात आणि नारळ फोडून परत चालू करतात. वर्षभर राहिलेली मोठी कामं त्याच वेळी उरकून घेतात, कारण एरवी मालक मशीन थांबवू देत नाही. घरीही तसंच. दसऱ्याला सकाळी पाटावर त्याचा टेस्टर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि कपाटातून काढलेला तो कॉम्प्युटर मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, आपट्याचं पान ठेवायचं, आणि पूजा झाली की अपडेट. ते सॉफ्टवेअरवाले दर महिन्याला काहीतरी नवं काढायचे. स्क्रीनवर अपडेटचा ठिपका कायम लागलेला असायचा. पण हा दसऱ्याखेरीज हात लावायचा नाही. "चालत्या मशीनला उगाच पाना लावू नये," म्हणायचा. लेथच्या बाबतीत ते बरोबर असेल. लेथ पुढच्या दसऱ्यालाही तीच लेथ असते.

मग त्याच्या हातातली पकड सुटायला लागली. आधी चहाचा कप, मग स्क्रू ड्रायव्हर. डॉक्टरांनी नसांच्या ज्या आजाराचं नाव सांगितलं त्यात माणसाचं डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं आणि अंग एकेक करून बंद होत जातं. पुढचं ते सांगायला लागले तेव्हा मी पिशवीतून फाइल काढायच्या निमित्ताने खाली वाकले, आणि ते बोलायचे थांबेपर्यंत वाकूनच राहिले. त्याने ऐकलं असणार. घरी आल्यावर किती काळ उरलाय हा विषय आमच्यात निघाला नाही, म्हणजे मी निघू दिला नाही.

बोटांत थोडा जीव होता तोवर त्याने ते बटण बनवलं. एक जुनं वायरलेस बटण उघडून त्याच्या आत स्पर्शाची पातळ पट्टी बसवली, माशी बसली तरी कळेल इतकी हलकी. त्या दिवसांत त्याला एक वायर जोडायला अख्खी सकाळ लागायची आणि मी मदतीला गेले तर तो डोळे वटारायचा. एकदा टेकवलं की पंखा, दोनदा टेकवलं की दिवा, आणि गाल टेकवून ठेवला की स्वयंपाकघरातला स्पीकर आणि माझा फोन दोन्ही वाजायचे. पुढे हात गेले, मग बोलणं गेलं. डोळे मिटले म्हणजे हो, छताकडे बघितलं म्हणजे नाही, एवढीच आमची भाषा उरली. त्याच्या घशात थुंकी अडकायची आणि अडकली की लगेच कुशीवर वळवावं लागायचं. सकाळी जवळच्या मोरवा गावाहून एक मावशी कामाला यायच्या त्या दुपारी जायच्या. त्या गेल्यापासून मी शाळेच्या ऑफिसातून घरी पोचेपर्यंत तो एकटा असायचा. फोन वाजला की मी रिक्षाने धावत यायचे किंवा शेजारच्या गुजराती बेनना किल्ली घेऊन पाठवायचे. बटणाच्या भरवशावर माझी नोकरी चालू होती आणि तो स्वतःच्या घरात राहत होता.

त्या दसऱ्याला पूजा मी मांडली. त्याची खाट हॉलमध्येच होती, त्यामुळे त्याला सगळं दिसत होतं. "करू ना अपडेट?" मी विचारलं. त्याने लगेच डोळे मिटले. मला बरं वाटलं. वर्षभर घरातलं एकेक मोडत चाललं होतं, निदान ही रीत तरी आम्ही मोडली नाही असं वाटलं. कॉम्प्युटर परत कपाटात जोडून मी लॅपटॉपवरून अपडेट दाबलं. बोटांना अजून कुंकू होतं.

बराच वेळ स्क्रीनवर गोल फिरत राहिलं. मग दिवे आले, पंखा आला, गिझर आला. मी श्रीखंड काढायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथून ओरडले, "दाब बघू." स्पीकर वाजला नाही. बाहेर येऊन बघते तर हा गाल टेकवून होता. मग उचलून परत टेकवत होता.

काय झालं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. बटण ज्याच्यावर चालायचं त्या जुन्या रिसीव्हरचा प्रोग्रॅम जगात एकच माणूस सांभाळत होता. त्याने तो नाद सोडला. बाकी कोणाकडे तसला रिसीव्हर नव्हता म्हणून कोणी पुढे आलं नाही, आणि वर्षाच्या मधल्या कुठल्याशा महिन्यात इतरांनी तो प्रोग्रॅमच काढून टाकला. दर महिन्याला अपडेट करणाऱ्यांना तशी सूचना आधी कितीतरी वेळा दिसली होती. आम्ही अख्खं वर्ष ओलांडून एकदम उडी मारली ती नेमकी खड्ड्यात.

जुनं होतं तसं परत आणायची सोय होती. नवरा शिस्तीचा, बॅकअप घेऊन ठेवलेला होता. पण बॅकअपला पासवर्डचं कुलूप होतं. मी खाटेवर बसून इंग्रजी मुळाक्षरं म्हणायला लागले. हवं ते अक्षर आलं की त्याने डोळे मिटायचे. पहिलं अक्षर मिळालं. दुसरं मिळालं. तिसऱ्याला मी शेवटपर्यंत पोचले तरी डोळे मिटले नाहीत. परत सुरुवातीपासून म्हटलं, परत तेच. तो छताकडेही बघेना. मग त्याने नजर खाली, चादरीवर पडलेल्या स्वतःच्या हातांकडे नेली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पासवर्ड त्याला पाठ नव्हता, त्याच्या बोटांना पाठ होता. कीबोर्डवर हात ठेवले की बोटं आपसूक चालायची. इतक्या वर्षांत अक्षरं कोणती ते त्याने मनात म्हटलंच नव्हतं. मी त्याचा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. हात गरम होता. बोटं जिथे ठेवली तिथेच पडून राहिली. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन हमसून हमसून रडले आणि तो माझ्याकडे बघत राहिला, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिसीव्हर आणि बटण पिशवीत घालून मी पश्चिमेला, स्टेशनसमोरच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने दोन्ही तपासलं.

"आंटी, इसमें कुछ बिगडा नहीं है. माल एकदम चालू है."

"तो फिर चलता क्यूं नहीं?"

"सॉफ्टवेअर इसको पहचानता नहीं ना अब."

ही पट्टी उघडून दुसऱ्या कुठल्या बेलला जोडता येईल का, विचारलं. "खोलेंगे तो टूट भी सकता है, गॅरंटी नहीं," तो म्हणाला, आणि मी ते बटण झटकन पिशवीत टाकलं. मग त्याने मला दाराला लावायची बिनवायरची बेल दिली, वेगवेगळ्या धून वाजवणारी. घरी येऊन मी तिचं बटण उशीला चिकटवलं. नवऱ्याने गाल लावला. काही झालं नाही. त्याने परत लावला, मान ताणून, चेहरा लालबुंद होईपर्यंत. बाजारातली बटणं बोटांसाठी केलेली असतात. माझ्या अंगठ्याला जे सहज दाबलं जात होतं ते त्याच्या गालाला दाबलं गेलं नाही. मी ते उशीवरून ओरबाडून काढलं तर जाता जाता ते वाजलं, कसलीशी वाढदिवसाची धून. त्याच्या जागी मी जुनं बटणच परत चिकटवलं.

मग मी माझ्यापुरता एक उपाय काढला. ऑफिसला जाताना माझा जुना फोन त्याच्या उशाशी ठेवायचा, त्यावरून माझ्या फोनला कॉल लावायचा आणि तो घरी येईपर्यंत चालूच ठेवायचा. इयरफोन कानात. मी काउंटरवर पालकांना बोनाफाइड लिहून द्यायचे आणि कानात नवऱ्याचा श्वास चालू असायचा. पंख्याची घरघर, मावशींच्या बांगड्या, मग दार ओढल्याचा आवाज, आणि त्यानंतर नुसता तो श्वास. जरा लय बदलली की माझं पेन थांबायचं. "मॅडम, ऐकताय ना?" समोरची बाई विचारायची. "ऐकतेय, ऐकतेय," मी म्हणायचे. कोणाचंच ऐकत नव्हते.

एका दुपारी घरी परतताना लिफ्टमध्ये कॉल कटला. तो तिथे रोजच कटतो. पण त्या दिवशी लाइट गेले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. मी दारावर पिशवी आपटली, हात आपटले, वॉचमनच्या नावाने घसा फुटेपर्यंत ओरडले. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं तेव्हा माझी एक चप्पल लिफ्टमध्येच राहिली. घरात शिरले तर त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि घशातून घरघर येत होती. मी त्याला कुशीवर लोटलं, पाठीत थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून जे निघालं ते काढलं. तो खोकला. रंग हळूहळू परत आला. मग मी पाहिलं, त्या बंद बटणावर ओला डाग होता. बटण चालत नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी तो ते दाबत राहिला होता.

मावशींना मी ते सांगायला नको होतं, पण तोंडातून गेलं. त्या दाराशीच बसल्या.

"ताई, मना न्हाय जमाचा," त्या म्हणाल्या. "मी आत कपरं धुवाला गेले नि यांना काय झाला, तं मना कसा कलंल? बटन व्हता तवर ठीक व्हता. दुसरी कोन बाय मिलते का बघा."

एरवी कामावरच्या बाईने असं म्हटलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मावशींना काही बोलले नाही, कारण त्यांची भीती खरी होती आणि माझीही तीच होती. महिनाअखेरपर्यंत थांबा, एवढं कबूल करून घेतलं.

भाईंदरजवळच्या डोंगरीला अशा माणसांना ठेवून घेणारी एक जागा आहे, असं ऑफिसातल्या एकीने मला कधीपासून सांगून ठेवलं होतं. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या बेनना घरात बसवून मी बसने जाऊन बघून आले. जागा वाईट असेल अशी माझी फार इच्छा होती. ती स्वच्छ होती, समुद्राचा वारा होता, रात्रंदिवस माणूस होता, आणि तिथली सिस्टर माझ्याशी इतकं चांगलं बोलली की मला तिचा रागसुद्धा धरता येईना. फक्त खाटा ओळीने होत्या आणि प्रत्येक खाटेवरचा माणूस एकाच दिशेला बघत होता.

घरी येऊन मी त्याला सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "जायचं का?" मला खात्री होती, हा छताकडे बघणार. त्याने डोळे मिटले. "झोप आलीय का तुला?" मी विचारलं. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि सावकाश परत मिटले. माझ्यासाठी मिटले, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. "मर मग तिकडे," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन हाताला लागेल ते भांडं आपटलं.

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लोकांची एक जागा होती जिथे कोणीही अडचण लिहू शकतो. शाळेच्या ऑफिसात जे इंग्रजी शिकले त्यातच मी अर्ज केला: रिस्पेक्टेड सर, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की. माझं इंग्रजी तो लग्नापासून तपासून द्यायचा. आताही पाठवायच्या आधी मी स्क्रीन त्याच्या तोंडासमोर धरली, त्याने वाचून डोळे मिटले, मग पाठवलं.

उत्तरं आली. एकाने विचारलं, नव्या आवृत्तीबरोबरच्या सूचना वाचल्या होत्या का. दुसऱ्याने विचारलं, वर्षातून एकदा अपडेट कोण करतं. त्याला दसरा म्हणजे काय हे मी लिहायला घेतलं आणि मध्येच खोडलं. तिसऱ्याने लिहिलं की माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या कामाला हे सॉफ्टवेअर वापरू नये, तसं आम्ही पहिल्यापासून सांगतो. तेव्हा माझा ताबा सुटला. जिवाचं काम करणाऱ्या कंपन्यांची मशिनं बघायला आमच्याकडे या, ती आमच्या घरापर्यंत पोचतात का ते बघा, असं बरंच काही मी लिहिलं, आणि सवयीने ते नवऱ्यापुढे धरलं. त्याने छताकडे बघितलं. "पाठवणारच," मी म्हटलं. त्याची नजर छतावरून हलेना. आयुष्यात पहिल्यांदा मी एक तयार भांडण पुसून टाकलं.

त्यानंतर एकाने साधंच विचारलं, बटण नेमकं कशाला लागतं. मी सगळं सांगितलं. तो कुठल्याशा थंड देशातला होता. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ आहे असं एकदा त्याने लिहिलं होतं. त्याच्याकडे तो रिसीव्हर नव्हता. पण काढून टाकलेला प्रोग्रॅम अजून कुठेतरी पडून आहे, तो नव्या आवृत्तीला जोडून बघता येईल, म्हणाला, फक्त त्याचे हात म्हणून मला काम करावं लागेल. मी म्हणे ह्याचे हात! इथे मी आधीच एकाचे हात होते. पण मी हो म्हटलं.

सकाळी दूध येण्याच्या सुमाराला त्याचा निरोप आलेला असायचा: हे इथे टाका, ते चालू करा, जे येईल ते जसंच्या तसं मला पाठवा. जे यायचं ते म्हणजे पानंच्या पानं आकडे आणि चुका. मी ती नवऱ्याला दाखवायचे, एकेक ओळ वर सरकवत. मेंटेनन्सचा माणूस तो. त्याचे डोळे परत कामावर रुजू झाले होते. एका ओळीवर ते मिटले आणि मिटलेलेच राहिले. मी ती ओळ वेगळी काढून पाठवली. पलीकडच्याने लिहिलं, बरोबर, दोष इथेच आहे, हे तुम्हाला कसं सापडलं? मला नाही, माझ्या मिस्टरांना, असं मी लिहिलं, आणि ते वाक्य उगाचच दोनदा वाचलं.

दोष कळला तरी लगेच काही झालं नाही. जोडायचं, बंद पडायचं, परत जोडायचं. महिना संपत आला होता आणि मावशी एका बाईला काम दाखवायला घेऊन येणार होत्या. त्या सकाळी आलेलं नवं टाकून मी चहा गाळत होते आणि स्वयंपाकघरातला स्पीकर वाजला. मी गाळणं तसंच टाकून धावले. तो ठीक होता. तो नुसताच वाजवत होता. गाल उचलायचा, टेकवायचा, माझ्या हातातला फोन वाजायचा आणि तो माझ्याकडे बघायचा. मावशी आल्या, त्यांनी ते ऐकलं, आणि सोबत आणलेल्या बाईला चहा पाजून परत पाठवलं.

मी त्या परदेशातल्या माणसाला लिहिलं की देव तुमचं कल्याण करो. त्याचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं: मला फार आनंद झाला. आता एक गोष्ट ठरवावी लागेल. मी लावलेलं हे ठिगळ फक्त ह्या आवृत्तीवर टिकेल. पुढचं अपडेट केलंत की ते तुटेल, आणि दर वेळी मला ते सांधता येईलच असं नाही. तुम्हाला बटण काही महिनेच लागणार असेल तर अपडेट कायमचं बंद करा आणि कशालाही हात लावू नका, हे असंच चालत राहील. वर्षानुवर्षं लागणार असेल तर मात्र असं थांबून भागणार नाही; बाकीचं सगळं पुढे जाईल आणि एक दिवस तुमचा फोनच ह्याच्याशी बोलेनासा होईल. मग नवा रिसीव्हर आणून सगळं नव्याने उभारावं लागेल. त्यात बटण बरेच दिवस बंद राहील, पण मी मदत करीन. तर तुम्हाला हे किती काळ लागेल?

मी हे सगळं नवऱ्याला मराठीत वाचून दाखवलं आणि शेवटचं वाक्य गाळलं. तो वाट बघत राहिला. मग त्याने लॅपटॉपकडे बघितलं, आणि बघतच राहिला, तेव्हा मला स्क्रीन वळवावी लागली. त्याने वाचलं.

"वर्षं लिहिते," मी म्हटलं.

त्याने छताकडे बघितलं.

"नवा आणू. परत जोडू. मला येतंय आता सगळं."

छत.

"बटण बंद राहील तेवढे दिवस मी रजा काढते. बिनपगारी मिळेल."

त्याची नजर खाली येईना. नुसतं काय लिहू असं विचारून उपयोग नव्हता. हो किंवा नाही, एवढंच त्याला सांगता येत होतं. शब्द मलाच उच्चारावा लागणार होता.

"महिने?"

त्याने डोळे मिटले. मला कळलं नाही असं होऊ नये म्हणून ते बराच वेळ मिटूनच ठेवले.

मग मी भांडले. आजार सुरू झाल्यापासून त्याच्याशी भांडले नव्हते, ते सगळं बाहेर आलं. तू कोण ठरवणारा, म्हटलं. तुला कोणी विचारलं, म्हटलं. डॉक्टरचं तू ऐकलंस, मी नाही ऐकलं, मला ते लागू नाही. तुला जायचंय तर जा, पण माझ्या हाताने लिहून घेऊ नकोस. शेजारच्या बेननी दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं. तो ऐकत होता. एकदाही त्याने डोळे हलवले नाहीत, आणि मी दमेपर्यंत मला बोलू दिलं. गालाशी ते बटण होतं, चालू.

मी तोंड धुऊन आले. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि इंग्रजीत एवढंच टाइप केलं: सर, काही महिने. पाठवायच्या आधी स्क्रीन त्याच्यासमोर धरली. "बरोबर आहे का बघ," म्हटलं. तेवढीशी ओळ वाचायला त्याला फार वेळ लागला. मग त्याने डोळे मिटले, आणि मी पाठवून दिलं.